१९४४च्या इटलीतला मराठा शिपाई: हिवाळी पोशाख कसा उभा करायचा

दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा पोशाख बनवायचा म्हटलं की बहुतेक जण पहिली खरेदी करतात ती टोपीवरच्या बिल्ल्याची. दुसरी हेल्मेटची. कापडाचा विचार सगळ्यात शेवटी येतो आणि तिथेच सगळं फसतं. हिवाळी पोशाखात तर कापड चुकलं की बाकी काहीही बरोबर असून उपयोग नाही. टेरिकॉटचं बॅटलड्रेस (म्हणजे आखूड जाकीट आणि पँट असा लढाईचा जोड) दहा फुटांवरून ओळखू येतं: ते चमकतं, त्याची इस्त्रीची घडी धारदार राहते आणि कोपरावर पडणाऱ्या चुण्या बारीक असतात. लोकरीच्या सर्जला जाड, गोलसर चुण्या पडतात. जुन्या फोटोंतला जो ढगळ, जड दिसणारा माणूस आहे, तो या जाडीमुळे तसा दिसतो.

आधी जागा आणि तारीख पक्की करा. या लेखात मी धरलेला शिपाई आहे ८व्या भारतीय डिव्हिजनमधला, १/५ मराठा लाइट इन्फंट्रीचा (म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचा), काळ डिसेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३मध्ये इटलीत उतरली, नोव्हेंबरात सांग्रो नदीवर लढली आणि १९४४च्या डिसेंबरात तिचा काही भाग सेर्किओ खोऱ्यात हलवला गेला. तिथे २६ डिसेंबरला जर्मनांनी अचानक हल्ला केला होता. अपेनाइन पर्वतातला हा हिवाळा म्हणजे पाऊस, चिखल, वर बर्फ आणि रात्री गोठण. कोरडी थंडी नव्हे. पोशाखातली प्रत्येक निवड या ओलीशी संबंधित आहे, हे डोक्यात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तारखेचा आग्रह धरायचं आणखी एक कारण. मराठा पलटणींचे इटलीतले सगळ्यांना माहीत असलेले दोन वीर म्हणजे ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे आणि १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव. पण घाडगे यांची लढाई १० जुलै १९४४ची, वरच्या टायबर खोऱ्यातली, ऐन उन्हाळ्यातली. जाधव यांची ९ एप्रिल १९४५ची, सेनिओ नदीवरची. या दोघांच्या नावावर जर्किन आणि ग्रेटकोट चढवून फोटो काढला तर माहीतगार माणूस लगेच हटकेल. हिवाळ्यातला शिपाई करायचा तर तो बिननावाचाच बरा.

आता मापं. इथे उलटा हिशेब करावा लागतो. नेहमी आपण अंगाचं माप देतो, इथे प्रत्येक थराचं माप आतला थर चढवून घ्यायचं. क्रम असा: लोकरीची बनियन आणि लांब चड्डी, त्यावर कॉलर नसलेला जाड लोकर-सुती मिश्र शर्ट, त्यावर पुलओव्हर, मग सर्जचं जाकीट आणि पँट, त्यावर चामड्याचं बिनबाह्यांचं जर्किन, आणि पहाऱ्यावर उभं राहायचं तर ग्रेटकोट. सर्जच्या जाकिटाचं छातीचं माप पुलओव्हर घालून मोजलेल्या मापापेक्षा ४ इंच जास्त ठेवा. जर्किनचं माप ते जाकीट घालून घ्या आणि त्यात ५ ते ६ इंच वाढवा. हे केलं नाही तर थर एकमेकांना दाबतात, मधली हवा निघून जाते आणि पाच कपडे घालूनही हुडहुडी भरते. ऊब लोकरीपेक्षा लोकरीत अडकलेल्या हवेत असते.

सर्ज म्हणजे ट्विल विणीची, म्हणजे तिरप्या रेषा दिसणारी जाड लोकर. नवं कापड घेताना ५०० ते ६०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचं) शोधा, ४५०च्या खाली जाऊ नका. दुकानदार ‘प्युअर वूल’ म्हणाला तरी दोन धागे ओढून काढा आणि काडी लावा. लोकर मंद जळते, ज्योत काढली की विझते, जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. पन्नास टक्के मिश्रण असेल तर दोन्ही दिसतं, वासही येतो आणि मणीही उरतो. ऐंशी टक्क्यांपर्यंत लोकर असेल तर चालवून घ्या, त्याखाली नको.

रंगाची गंमत अशी की आपल्याकडे ‘खाकी’ मागितलं की पोलिसी खाकी समोर येते. ती फार पिवळी पडते. ‘मिलिटरी’ म्हटलं की स्वातंत्र्यानंतरच्या लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन दाखवतात, तोही चालत नाही. हवा आहे तो तपकिरीकडे झुकणारा, किंचित हिरवट, मळका रंग. इटलीच्या बाबतीत एक सवलत मात्र मिळते. भूमध्य समुद्राच्या आघाडीसाठी अमेरिकेत ब्रिटिश नमुन्यावर बॅटलड्रेस शिवून घेतले होते, ते ‘वॉर एड’ नावाने ओळखले जातात आणि त्यांची सर्ज जास्त हिरवट असते. तुमचं कापड थोडं हिरवं निघालं तर नमुनाही ‘वॉर एड’चाच शिवा: पुढची बटणपट्टी झाकलेली, खिशांची बटणं मात्र उघडी.

योग्य रंगाचं कापड मिळालं नाही तर फिकट लोकर घेऊन रंगवता येते. लोकरीला अॅसिड डाय लागतो, सुती कपड्यांचे रंग धरत नाहीत. कोरड्या कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग, एक किलो कापडाला ३० लिटर पाणी, आणि पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड. कापड कोमट पाण्यात आधी अर्धा तास भिजवा, मग रंगाच्या पाण्यात घालून तासाभरात हळूहळू ८५ ते ९० अंशांपर्यंत न्या. उकळी फुटू देऊ नका आणि काढल्यावर गार पाण्यात बुचकळू नका. तापमान झटक्यात बदललं किंवा कापड जोरात ढवळलं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापडाचा नमदा होतो आणि ते परत येत नाही. भांड्यातच गार होऊ द्या. रंग नेहमी कापडालाच द्या, शिवलेल्या कपड्याला नको. सुती दोरा अॅसिड डाय घेत नाही, त्यामुळे तयार जाकीट रंगवलं तर सगळ्या शिलाया पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

रंगवलं नाही तरी बेतण्याआधी कापड वाफेवर आटवून घ्या. जाकीट आणि पँट मिळून दीड मीटर पन्ह्याचं ३.५ मीटर कापड लागतं, त्यात आटण्याची सूट धरलेली आहे.

बॅटलड्रेसच्या जाकिटाचं इंग्रजी नाव ‘ब्लाउज’, पण शिंप्याला ते सांगू नका, आखूड जाकीट म्हणा, नाहीतर गिऱ्हाईक वेगळंच आहे असं त्याला वाटेल. १९४०चा साधा केलेला नमुना शिवायला सोपा: बटणं उघडी, खिशांना चुण्या नाहीत. आधीच्या १९३७च्या नमुन्यात पुढची बटणं झाकलेली आणि छातीच्या खिशांना पेटीचुण्या आहेत. दोन्हीत कंबरेला सर्जचाच पट्टा आणि उजव्या बाजूला बकल येतं. बुकरम किंवा फ्यूजिंग कुठेही घालू देऊ नका, शिंपी सवयीने कॉलरला लावतोच. कॉलर कडक झाली की जाकीट सफारी सूट दिसायला लागतं. तिथे फक्त सुती ड्रिलचं अस्तर असतं आणि गळ्याशी एक हूक-आकडा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पँटच्या उंचीत. आजची पँट कंबरेखाली बसते. ही पँट बेंबीपर्यंत येते आणि गॅलसने खांद्यावरून लटकते, पट्ट्याने नव्हे. आखूड जाकीट नैसर्गिक कंबरेवर संपतं. तेव्हा पँट आजच्या उंचीची शिवली तर वाकल्याबरोबर पाठीमागे चार बोटं अंग उघडं पडतं, आणि थंडी नेमकी तिथून आत शिरते. मूळ रचनेत यावर उपाय आहे: पँटच्या मागच्या बाजूला बाहेरून बटणं आणि जाकिटाच्या आतल्या पट्टीवर त्यांची काजं. ही बटणं फोटोत दिसत नाहीत म्हणून लोक गाळतात. गाळू नका. डाव्या मांडीवर पुढे मोठा नकाशाचा खिसा, उजवीकडे कंबरेखाली मलमपट्टीचा छोटा खिसा, घोट्याशी आवळायला बटणाची पट्टी. बटणं तपकिरी प्लास्टिकची किंवा खोलगट पत्र्याची, चार भोकांची.

या सगळ्या पोशाखात माझ्या मते सगळ्यात शहाणी वस्तू आहे ती जर्किन. बाह्या नाहीत म्हणून हात मोकळे, चामडं वारा अडवतं, आत कांबळीसारखं अस्तर. ग्रेटकोट भिजला की अंगावर ओझं होतो आणि चढावर पायात येतो, जर्किन घालून मात्र माणूस खणू शकतो, चढू शकतो. घरी बनवायला ती बॅटलड्रेसपेक्षा सोपीही आहे. पुढचे दोन भाग आणि पाठ, चार मोठी बटणं, कॉलर नाही, लांबी पार्श्वभाग झाकेल इतकी.

चामडं १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं, मऊ कमावलेलं, तपकिरी. धारावीच्या बाजारात ते चौरस फुटावर मिळतं. मध्यम बांध्याला साधारण ९ ते १० चौरस फूट प्रत्यक्ष लागतं, पण कातड्याच्या कडा आणि पोटाकडचा ताणणारा भाग टाकावा लागतो, म्हणून १४ ते १६ घ्या. शेळीची कातडी छोटी, त्यामुळे अख्खी पाठ एका तुकड्यात निघत नाही, आणि ते बरंच आहे. मूळ जर्किनलाही आडवे जोड असतात. एकसंध, डाग नसलेल्या चामड्याची जर्किन फॅशन शोमधली वाटते. जोड पाठीवर मध्यावर आडवा आणि पुढे त्याच उंचीवर घ्या.

शिवताना १६ किंवा १८ नंबरची चामड्याची सुई आणि टाका ३.५ ते ४ मिलिमीटर लांब. बारीक टाका घातला की भोकं इतकी जवळ येतात की चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. टाचण्या लावू नका, भोक कायमचं राहतं, कागदाच्या क्लिपा लावा. उसवून परत शिवायची सोय इथे नाही, म्हणून आधी मांजरपाटात एक कच्चं जर्किन शिवून अंगावर बघा, तेही सर्जचं जाकीट घालून. अस्तराला पानिपतची राखाडी-तपकिरी कांबळी उत्तम. ती जुन्या लोकरीच्या पुनर्वापरातून होतात, वीण ढिली असते, म्हणून कापल्यावर लगेच कडांना ओव्हरलॉक मारा. बटणाच्या काजाला आतून चामड्याचा तुकडा लावा, नाहीतर ते महिन्याभरात लांबतं. ग्रेटकोटबद्दल एवढंच: तो सगळ्यात शेवटी करा. दुहेरी छातीचा, मागे अर्धा पट्टा, दीड मीटर पन्ह्याचं चार मीटर कापड खातो, आणि त्याच्याशिवायही हिवाळी शिपाई पूर्ण दिसतो.

डोक्याला कॅप कम्फर्टर. ही खरं म्हणजे दोन्ही टोकं बंद असलेली विणलेली पिशवी, सपाट धरल्यावर ९ ते १० इंच रुंद आणि २४-२५ इंच लांब. घरात कुणी विणणारं असेल तर चार पदरी खाकी लोकरीत होऊन जाते. अर्धी बाजू उरलेल्या अर्ध्यात ढकलली की दुहेरी टोपी होते, मग कड अडीच-तीन इंच वर दुमडायची. उलगडली की तीच मफलर. हेल्मेट वर घालायचं असेल तर कड एकदाच दुमडा. दोनदा गुंडाळली की हेल्मेट कपाळावर उंच बसतं आणि चालताना डुलतं. हेल्मेट मार्क २, त्यावर जाळी आणि जाळीत गोणपाटाच्या पट्ट्या. पट्ट्या हिरव्या-तपकिरी दोनच रंगांत, आणि हिवाळ्यात हिरवा कमी.

बुटांकडे येऊ. काळे, खरबरीत दाण्याच्या चामड्याचे घोट्याचे बूट, चामडी तळ, टाचेला नाल, पुढे लोखंडी पट्टी, मधे खिळे. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण आत दोन लोकरी मोजे जायचे आहेत. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन मोजे कोंबले तर पायाचं रक्त अडतं. ओले, गार आणि आवळलेले पाय तासन्‌तास तसेच राहिले की होतो तो ट्रेंच फूट. म्हणून छोट्या पाठपिशवीत कोरड्या मोज्यांची जोडी असलीच पाहिजे. बूट चकाकवू नका, डबिन लावा: एक भाग मधमाश्यांचं मेण, दोन भाग चरबी, एक भाग तेल, मंद आचेवर एकजीव. कोमट असताना शिवणींत बोटाने जिरवा. खिळ्यांचे बूट घालून टाइल्सच्या किंवा कोटा फरशीच्या हॉलमध्ये शिरू नका. पाय घसरतो, आणि फरशीवर ओरखडे उठतात ते वेगळंच. वर वेबिंगचे, म्हणजे जाड विणीच्या सुती पट्ट्यांचे, अँकलेट (घोट्यावरचे पट्टे), बकलं बाहेरच्या बाजूला, पट्ट्यांची टोकं मागे वळलेली. हे उलट झालं तर झाडीत अडकतात, शिवाय फोटोत चूक पहिली दिसते ती हीच.

वेबिंग १९३७च्या नमुन्याचं. पट्टा सव्वादोन इंच, पुढे दोन मोठे पाऊच, खांद्यावरून येऊन पाठीवर फुली करणारे ब्रेस, पाठीवर छोटी पिशवी, तिला एल आकाराचे पट्टे. ब्रेसची खांद्यावरची रुंदी दोन इंच आणि टोकं एक इंच असतात. ब्रिटिश मालात ही रुंदी विणतानाच कमी केलेली आहे, घरी ते जमणार नाही. भारतात बनलेल्या मालात काही ठिकाणी अरुंद पट्टी रुंद पट्टीला शिवलेली दिसते, तोच मार्ग धरा. भारतीय पलटणीच्या शिपायाला तेच शोभतंही. सुतीच पट्टी हवी, नायलॉन नको. पितळी टोकं जुन्या बाजारात सुटी मिळतात. पाण्याची बाटली ब्रेसच्या लोंबत्या टोकांना उजवीकडे, संगिनीचा फ्रॉग (म्यान अडकवायची पट्टी) डावीकडे. पट्टा जर्किनच्या वरून बांधायचा, म्हणून सगळं वेबिंग जर्किन घालूनच जुळवा. नुसत्या शर्टावर जुळवलेलं वेबिंग हिवाळी थरांवर पाच-सहा इंच कमी पडतं आणि पाऊच बरगड्यांवर चढतात.

बर्फातला पांढरा झगा हवा असेल तर मांजरपाट घ्या, डोकं हेल्मेटसकट आत जाईल इतकी मोठी टोपी ठेवा आणि खिशांऐवजी नुसत्या चिरा. आजच्या धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारी द्रव्यं असतात, त्यांनी कापड फोटोत निळं मारतं. झगा साध्या साबणाने धुवा, थोडा पिवळट राहू द्या.

बिल्ले शेवटी. खांद्यावर डिव्हिजनचं चिन्ह, ८व्या डिव्हिजनचं क्लोव्हरचं, एवढं पुरे. पदकं आणि त्यांच्या फिती लावूच नका, ती कुणीतरी मिळवलेली असतात. कायद्याचंही भान हवं. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८खाली गुन्हा आहे. तेव्हा कार्यक्रमाच्या जागीच कपडे चढवा, लोकलमधून मिरवत जाऊ नका. रायफल लाकडाची करा: ली-एनफील्ड नंबर १ची लांबी ११३ सेंटिमीटर, वजन ४ किलोच्या आसपास, ते आणायला लाकडात लोखंडी सळई घाला. लांब संगिनीचं पातं १७ इंचांचं, आणि ९ इंचांवरच्या धारदार पात्याला शस्त्र नियम लागू होतात. म्यानात लाकडी मूठ खोचली की बाहेरून तेवढंच दिसतं.

घालून बघायची जागा जपून निवडा. हा सगळा डोलारा पुण्यात दुपारी अंगावर चढवला तर अर्ध्या तासात माणूस घामाने निथळतो, आणि घामाने भिजलेली लोकर संध्याकाळी गार पडते. महाबळेश्वरला जानेवारीतल्या पहाटे चालेल. चालताना जर्किनची बटणं उघडी, थांबलात की लगेच बंद.

खरी परीक्षा पावसाळ्याची. लोकरीला कसर आणि चामड्याला बुरशी, दोन्ही जूनमध्येच सुरू होतात. मे महिन्यात सर्ज झटकून, ब्रश मारून, सावलीत वारं देऊन ठेवा. घामाचे आणि अन्नाचे डाग काढा, कसर आधी तिथेच लागते. सुती पिशवीत डांबराच्या गोळ्यांसह ठेवा, पण गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. चामडं प्लास्टिकमध्ये कोंडू नका. जर्किन रुंद हँगरवर, जुन्या चादरीखाली. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंधरा दिवसांनी बदला आणि खिळ्यांना तेलाचं बोट फिरवा, नाहीतर गंज चामड्यात उतरून खिळे सैल होतात.